जोडे दाराशी ठेवून : जपानी वास्तूंच्या वाटेवर

जपानला निघालेल्या मराठी प्रवाशाच्या हातात हल्ली बहुधा एक तयार यादी असते. फुजी पर्वत, क्योतोचा सोनेरी मंडप, नाराची हरणे, हिमेजीचा पांढरा किल्ला, हिरोशिमा, आणि या सगळ्यांना जोडणारी शिन्कान्सेन. यादीत चूक काहीच नाही. आठ-दहा दिवसांत सगळे पाहून होते, छायाचित्रे उत्तम येतात, आणि परत आल्यावर विचारणाऱ्यांना सांगायलाही पुष्कळ असते. तरीही यातले बरेच जण थोडे संकोचून एक गोष्ट कबूल करतात, की तिसऱ्या दिवसानंतर सगळी देवळे सारखीच वाटू लागली. प्रस्तुत लेखन त्या कबुलीतून सुचले आहे. देवळे सारखी नसतात. त्यांच्यातला वेगळेपणा कुठे शोधायचा, हे मात्र निघण्यापूर्वी कोणी सांगितलेले नसते.

वाचकांनी सुरुवातीलाच एक धास्ती सोडावी. या वाटेवर चालायला जपानी भाषा यावी लागत नाही, स्थापत्याची पदवी लागत नाही, आणि बौद्ध संप्रदायांची वंशावळ तोंडपाठ असण्याची तर मुळीच गरज नाही. उलट मराठी वाचक या विषयाकडे येताना थोडी शिदोरी घेऊनच येतो. ज्याने कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून छताच्या लाकडी कमानी पाहिल्या आहेत, ज्याने कोकणातल्या घराच्या पडवीत पावसाळी दुपार काढली आहे, ज्याने एखाद्या गडाच्या दरवाजापाशी थांबून 'वाट अशी वळवली कशासाठी?' असे स्वतःला विचारले आहे, त्याच्याजवळ निम्मी सामग्री आधीच जमा आहे. पुण्यातल्या अनेकांनी तर जपानी बागही पाहिलेली असते. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहरातल्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेवरून रचलेले आहे. रविवारी मुलांना घेऊन तिथे गेलेल्या किती जणांच्या हे ध्यानात येते, कोण जाणे. पाण्याच्या कडेने वळत जाणारी वाट, आणि प्रत्येक वळणाला आधीचे दृश्य झाकून नवे उघडणारी रचना, ही तिथल्या सरदारांची फिरून पाहायची बाग होय. बसून पाहायची बाग निराळी. ती झेन मठांत भेटते.

माझी स्वतःची सुरुवात फजितीने झाली. जपानचे सर्वांत पवित्र देवस्थान म्हणून मी मोठ्या उत्सुकतेने इसेला गेलो. उंच देवदारांतून जाणारी खडीची वाट, नदीवरचा लाकडी पूल, हे सगळे मनासारखे झाले. शेवटी दगडी पायऱ्या चढून वर गेलो तर समोर एक लाकडी कुंपण, त्याच्या दारावर पांढरा पडदा, आणि कुंपणावरून डोकावणारी छपराची टोके. बस, एवढेच. आत जाता येत नाही, पायऱ्यांच्या वर छायाचित्रही घेता येत नाही. शेजारी तेवढ्याच मापाची एक मोकळी जागा होती. पांढुरक्या गोट्यांनी भरलेली, मधोमध एक लहानसे खोपटे. त्या जागेकडे पाठ करून मी चरफडत निघून आलो. पाहण्यासारखे जे होते ते तिथेच होते, हे कळायला पुढे बरीच वर्षे लागली.

इसेचे मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. त्या मोकळ्या जागेवर जुन्याबरहुकूम नवे मंदिर उभे राहते, एका रात्री देवता नव्या घरी नेतात, आणि मग जुने मंदिर उतरवून त्याची जागा पुढच्या वीस वर्षांसाठी मोकळी ठेवतात. ही प्रथा इ. स. ६९० मध्ये सुरू झाली. मध्ययुगीन लढायांच्या धामधुमीत ती शंभराहून अधिक वर्षे खंडित झाली, पुन्हा सुरू झाली, आणि २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा पार पडली. पुढची पाळी २०३३ ची. मंदिराचे खांब हिनोकी नावाच्या सुगंधी लाकडाचे असतात आणि ते सरळ जमिनीत पुरतात, छप्पर गवताचे. पाऊस-दमटपणाच्या त्या देशात अशी इमारत फार टिकणार नाही, हे बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. टिकवायचे होते ते बांधण्याचे ज्ञान. विशीत ज्याने हातोडी धरायला शिकून घेतले तो चाळिशीत स्वतः बांधतो, आणि साठीत उभा राहून इतरांकडून बांधून घेतो. वीसच वर्षे का, याची कारणे अनेक सांगितली जातात. मला त्यांतले हे सर्वांत पटते. उतरवलेले लाकूडही वाया जात नाही. मुख्य खांबांतून पुलापाशी तोरी, म्हणजे दाराची चौकट उभी करतात, आणि बाकीचे दूरदूरच्या देवस्थानांना दुरुस्तीसाठी जाते. पुढच्या पिढ्यांना हिनोकी कमी पडू नये म्हणून देवस्थानाने १९२३ मध्ये स्वतःच्या डोंगरांवर दोनशे वर्षांची लागवड योजना आखली. आपल्याकडच्या पंचवार्षिक योजनांशी तुलना करण्याचा मोह मी आवरतो.

आता विचारा, हे देऊळ किती जुने? तेराशे वर्षांचे म्हणावे तर लाकूड अजून पिवळे आहे. दहा-बारा वर्षांचे म्हणावे तर त्यातली एकेक रेघ प्राचीन आहे. जपानी वास्तूंच्या अभ्यासाचे दार मला या प्रश्नाने उघडून दिले. आपण, आणि युरोपीय विद्वानही, जुनेपणा दगडात मोजत आलो. मूळ दगड शाबूत तर वास्तू खरी. जपानने १९९२ मध्ये जागतिक वारसा करारात प्रवेश केला तेव्हा हा पेच उघडपणे पुढे आला. ज्या देशात इमारत वेळोवेळी उसवून, कुजलेले भाग बदलून पुन्हा जोडतात, तिथले 'मूळ' म्हणजे काय? १९९४ मध्ये नारा शहरात जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी अस्सलपणाविषयी एक निवेदन तयार केले. खरेपणा केवळ द्रव्यात नसतो. आकार, उपयोग, परंपरा आणि कौशल्य यांतही तो असू शकतो, आणि त्याची पारख ज्या त्या संस्कृतीच्या संदर्भात करावी, असा त्याचा आशय. वारसा जतनाच्या क्षेत्रात हा दस्तऐवज आज जगभर आधाराला घेतला जातो. अर्थात सगळी जपानी देवळे इसेसारखी पुन्हा पुन्हा बांधली जातात असे समजू नका. इसे हे एक टोक आहे. दुसरे टोक नारा शहराजवळ इकारुगा गावी आहे, होर्यूजी.

होर्यूजी हा मठ राजपुत्र शोतोकू याने इ. स. ६०७ मध्ये स्थापला. ६७० मध्ये तो जळाल्याची नोंद जुन्या बखरीत आहे, आणि आज दिसणारा सुवर्णमंडप व पाच मजली मनोरा त्यानंतर, सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा आठव्याच्या आरंभी उभे राहिले. तरीही जगात उभ्या असलेल्या लाकडी इमारतींत याहून जुन्या सापडणार नाहीत. मनोऱ्याच्या मध्यस्तंभाच्या लाकडातील वर्तुळे मोजून अभ्यासकांनी झाड ५९४ मध्ये तोडले गेले असे काढले. म्हणजे मठाच्या स्थापनेच्याही आधी! शंभर वर्षे ते लाकूड कुठे होते, आधी कोणत्या इमारतीत होते का, यावर अजून वाद चालतो.

इथे मराठी वाचकाला एक विलक्षण योग साधता येतो. भाजे, कार्ले, अजिंठा येथील चैत्यगृहे ही लाकडी इमारतींच्या नकला आहेत. दगडात वासे कोरले, दगडात सज्जे कोरले, आणि कार्ल्याला तर दगडी छताखाली खऱ्या सागवानी कमानी बसवल्या. ज्या लाकडी इमारती समोर ठेवून हे सारे कोरले त्या मात्र एकूण एक नाहीशा झाल्या. आपल्याकडे लाकडाची आठवण दगडाने जपली. होर्यूजीला तेच बौद्ध वास्तुविश्व चीन आणि कोरियातून फिरत, रूप पालटत गेले आणि लाकडातच टिकले. दोन्ही पाहिलेल्या माणसाला एकेकट्याने जे दिसत नाही ते दिसू लागते.

चित्रांचे नाते याहून जवळचे आहे. सुवर्णमंडपाच्या भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्वांची मोठी चित्रे होती, आणि अजिंठ्याच्या पद्मपाणीशी त्यांची तुलना अभ्यासकांनी वारंवार केली आहे. आराई काम्पो नावाचा चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आला होता. १९१७-१८ च्या सुमारास त्याने अजिंठ्यात बसून तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. वीस-बावीस वर्षांनी, १९४० मध्ये होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम निघाले तेव्हा त्यातही तो होता. १९४५ मध्ये तो वारला. काम चालूच राहिले. आणि २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे त्याच मंडपाला आग लागून चित्रे काळवंडली. मंडपाचा वरचा भाग दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवला होता, म्हणून तेवढा वाचला. या धक्क्यातून पुढच्याच वर्षी जपानचा सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायदा झाला. आज २६ जानेवारीला, आपण ध्वजवंदन करत असतो तेव्हा, जपानभर देवळांत आग विझवण्याच्या कवायती होतात. मंडपात आज दिसतात ती चित्रे १९६० च्या दशकात नव्याने काढलेल्या प्रती आहेत, हे जाणून आत जावे. प्रती आहेत म्हणून हिरमुसू नये.

आता एक शब्द पदराला बांधून घ्या. तो शब्द आपलाच आहे : खण. जुन्या घराचे वर्णन करताना आजी 'पाच खणांचे घर' म्हणे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जपानी सुतारही असेच मोजतो. त्याच्या मापाला 'केन' म्हणतात, आणि पुढे ते सहा फुटांच्या आसपास स्थिरावले. क्योतोच्या 'सान्जूसान्गेन्दो' या लांबलचक नावाने बिचकू नका. त्याचा अर्थ तेहेतीस खणांचा मंडप, एवढाच. १२६६ मध्ये पुन्हा बांधलेल्या या सुमारे १२० मीटर लांबीच्या इमारतीत कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती दाटीने उभ्या आहेत. त्यांच्यापुढे रांगेने राखणदार आहेत, आणि त्यांत बासरी वाजवणारा, पक्ष्याच्या तोंडाचा 'कारुरा' आपला गरुडच आहे. खण मोजायची सवय लागली की इमारती आपोआप बोलू लागतात. नाराच्या तोदाइजी मठातील महाबुद्धाचा मंडप पाहून माणूस स्तिमित होतो; पण तो १७०९ चा, सात खणांचा आहे. आठव्या शतकातला मूळ मंडप अकरा खणांचा होता. दोनदा युद्धात जळाला आणि शेवटी पैसा व लाकूड पुरेना, म्हणून चार खण आखडले. होर्यूजीच्या मधल्या दरवाजाला चार खण आहेत. सम संख्या, त्यामुळे वाटेच्या ऐन मधोमध खांब येतो! असा दरवाजा का केला यावर जपानमध्ये पुष्कळ शाई खर्च झाली आहे. गंमत अशी, की 'केन' ज्या चिन्हाने लिहितात तेच चिन्ह 'मा' असेही वाचले जाते, आणि मग त्याचा अर्थ दोन गोष्टींमधले अंतर, विराम, सुरांमधली शांतता असा पसरत जातो. त्या 'मा'वर पाश्चात्त्य लेखकांनी फार धुके पसरवले आहे. वाचकांनी आधी खांब मोजावेत.

पाच मजली मनोरा पाहताना नजर शेंड्यावर न्यावी. तिथला धातूचा कळस म्हणजे उंच ताणलेला स्तूप आहे. खाली पालथ्या वाडग्यासारखे अंड, वर एकावर एक नऊ कड्या म्हणजे छत्रावली. कळसाखालची पाच छपरे ही नुसती उंच बैठक. माणसाने वर चढावे म्हणून हा मनोरा बांधलेला नाही. अवशेषांवर खूण म्हणून तो आहे. आत मधोमध एकच उंच स्तंभ असतो आणि मजले त्याच्यावर टेकलेले नसतात. भूकंपात हे मनोरे सहसा पडत नाहीत, याचे श्रेय काही जण त्या स्तंभाला देतात, काही जण लाकडी सांध्यांच्या सैलपणाला. दोन्ही मिळून काही असावे. तोक्योत २०१२ मध्ये उघडलेल्या ६३४ मीटर उंचीच्या 'स्कायट्री'त हेलकावे आवरण्यासाठी मध्यस्तंभाचीच योजना केली, आणि तिला जुनेच नाव, शिन्बाशिरा, दिले.

इथे एका मोहापासून सावध करणे माझे कर्तव्य आहे. स्तूप, गरुड, सरस्वतीची 'बेन्झाइतेन', यमाचा 'एम्मा', स्मशानातल्या फळ्यांवरची सिद्धम् लिपी, हे सगळे ओळखीचे दिसू लागले की 'अहो, हे तर आपल्याकडूनच गेलेले' असे म्हणावेसे वाटते. म्हणण्यात तथ्यही आहे. इ. स. ७५२ मध्ये महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन ज्याच्या हातून झाले तो बोधिसेन भारतीय भिक्षू होता. पण एवढे म्हणून थांबणारा प्रवासी जपान न पाहताच परततो. बीज कुठले हे कळल्यावर जमिनीने त्याचे काय केले ते पाहायचे असते. स्तूपाचा मनोरा झाला, मनोऱ्याला पावसासाठी पाच-पाच हात पुढे येणारी छपरे लागली, ती तोलायला खांबांच्या माथ्यावर लाकडी हस्तांचे थर रचावे लागले, आणि त्या हस्तांच्या रचनेवरून आज काळ ओळखता येतो. हे त्यांचे कर्तृत्व आहे.

कर्तृत्व मुख्यतः सुतारांचे. देवळे बांधणाऱ्या सुतारांना मियादाइकू म्हणतात. विसाव्या शतकात त्यांच्यातले सर्वांत नावाजलेले निशिओका त्सुनेकाझु. त्यांचे आजोबा आणि वडील होर्यूजीचेच सुतार. त्यांनी स्वतः होर्यूजीच्या मोठ्या दुरुस्तीत काम केले, आणि नंतर नाराच्या याकुशीजी मठाचा नष्ट झालेला पश्चिम मनोरा १९८१ मध्ये पुन्हा उभा केला. शेजारी इ. स. ७३० चा पूर्व मनोरा उभा आहे. दोन्ही एका नजरेत पाहा. एक करडा, रंग उडालेला. दुसरा शेंदरी-हिरवा, उजळ. आपल्या डोळ्यांना पहिला 'खरा' वाटतो. पण आठव्या शतकातल्या माणसाने ओळखला असता तो दुसरा. लाकूड शतकानुशतके दबत जाते हा हिशोब धरून निशिओकांनी नवा मनोरा जुन्याहून थोडा उंच ठेवला. पुढेमागे दोघे एका उंचीला यावेत अशी ती योजना. प्राचीन लाकडावरचे तासणीचे वळ पाहून त्यांनी विस्मृतीत गेलेला भाल्याच्या पात्यासारखा रंधाही पुन्हा घडवून घेतला. एक भाबडी समजूत मात्र वाटाड्यांकडून ऐकायला मिळेल, की जपानी देवळात खिळा नावाला नसतो. खाचा आणि सांधे अप्रतिम असतात हे खरे. पण होर्यूजीच्या सुतारांनी लोखंडी खिळेही वापरले, आणि ते खिळेही तेराशे वर्षे तगले.

छपरांकडे लक्ष द्यायला मी आवर्जून सांगतो, कारण जपानी इमारत दुरून पाहिली की छप्परच दिसते. भिंत तिथे भार वाहत नाही. ती पडद्यासारखी सरकते, उचलता येते, काढूनही ठेवता येते. कौलारू छप्पर चीनकडून मठांबरोबर आले. देवस्थाने आणि राजघराण्याच्या वास्तूंनी मात्र सालीचे छप्पर पसंत केले. त्यासाठी हिनोकीच्या जिवंत झाडाची साल सोलतात. झाड मरत नाही, आठ-दहा वर्षांनी साल पुन्हा धरते. क्योतोच्या कियोमिझु मंदिराचे असे छप्पर अलीकडेच, २०२० पर्यंत, नवे केले. लाकडी वास्तूंच्या जतनाची ही सारी कसबे २०२० मध्येच युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

किल्ल्यांविषयी थोडक्यात. सह्याद्रीतले गड चढलेल्या वाचकाला तिथे घरच्यासारखे वाटेल. गोंधळात पाडणारी वळणे, मारगिरीच्या जंग्या, दगड टाकायच्या फटी, सगळे आहे. पण एक गोष्ट आधी तपासावी. जपानमध्ये मूळ लाकडी बालेकिल्ला आज फक्त बारा ठिकाणी उरला आहे : हिमेजी, मात्सुमोतो, हिकोने, इनुयामा, मात्सुए हे त्यांतले मानाचे पाच. ओसाकाचा भव्य किल्ला १९३१ चा, काँक्रीटचा आहे आणि आत लिफ्ट आहे. इतिहासाचे संग्रहालय म्हणून तो चांगला. किल्ला पाहायचा तर हिमेजीला जावे आणि पायांनी त्याचे उभे लाकडी जिने चढावेत. कुमामोतोला जमले तर अवश्य जा. २०१६ च्या भूकंपात ढासळलेल्या तटाचे दगड तिथे क्रमांक घालून मांडले आहेत आणि एकेक करून मूळ जागी बसवले जात आहेत. ते काम कित्येक वर्षे चालायचे आहे. पडलेला किल्ला इतक्या निगुतीने वेचताना पाहणे हे उभा किल्ला पाहण्याहून कमी नाही.

राजवाडे आणि किल्ले पाहून दिपलेल्या डोळ्यांना लहान जागांची सवय लागायला वेळ लागतो. क्योतोजवळ यामाझाकी येथे ताइआन नावाची चहाची खोली आहे, सोळाव्या शतकातील चहागुरू सेन नो रिक्यू याच्या नावाशी जोडलेली. दोन तातामी चटयांची, म्हणजे साधारण सहा फूट चौरस. आत शिरायचे दार इतके ठेंगणे की गुडघ्यांवर सरकत जावे लागते, मग तुम्ही सरदार असा की सावकार. तलवार बाहेर राहते. भिंती मातीच्या आणि अंधाऱ्या. सत्ताधीश सोन्याने मढवलेल्या खोल्या बांधत होते त्याच काळात ही बांधली गेली. जपानी सौंदर्यदृष्टीविषयीची अनेक पुस्तके या सहा फुटांभोवती फिरतात.

आणि शेतकऱ्यांची घरे! माझ्या मते प्रवाशांनी सर्वांत दुर्लक्षिलेला भाग हाच. शिराकावा-गो आणि गोकायामा येथे बर्फ झेलणारी उभ्या उतरणीची गवती छपरे आहेत, आणि त्या शैलीचे नाव 'गाश्शो', म्हणजे नमस्काराला जोडलेले हात. माळ्यावर रेशमाचे किडे पाळत. छप्पर शाकारायला सारा गाव एकत्र जमतो आणि याची परतफेड पैशाने होत नाही, श्रमाने होते. तिथे याला 'युइ' म्हणतात. आमच्याकडे इर्जिक म्हणत. ज्यांना तितके दूर जाणे शक्य नाही त्यांनी तोक्योला लागून असलेल्या कावासाकीतील निहोन मिन्काएन या उघड्यावरच्या संग्रहालयात अर्धा दिवस काढावा. ठिकठिकाणची जुनी घरे तिथे आणून पुन्हा उभी केली आहेत. जमिनीतल्या चुलीवर विस्तव असेल तर जवळ बसा, धूर अंगावर घ्या. तो धूरच गवताला कीड लागू देत नाही.

आधुनिक काळासाठी एकच पत्ता देतो. तोक्योच्या त्सुकिजी भागात माशांच्या जुन्या बाजाराशेजारी होंगान्जी हे बौद्ध मंदिर आहे. वास्तुविशारद इतो चुता याचे, १९३४ मध्ये पूर्ण झालेले. इतो १९०२ ते १९०५ या काळात चीन, भारत, तुर्कस्तान असा भटकला होता; बौद्ध वास्तूचे मूळ त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. १९२३ च्या भूकंपात जुने मंदिर नष्ट झाल्यावर त्याने काँक्रीटमध्ये हे नवे उभारले, आणि दर्शनी भागावर कमान घातली ती आपल्या लेण्यांतल्या चैत्यगवाक्षासारखी. माशाचा वास, रहदारी, आणि समोर जणू अजिंठ्याची खिडकी. पहिल्यांदा पाहताना मी रस्त्यातच थांबलो. उएनो येथील पाश्चात्त्य कलेचे संग्रहालयही पाहाच. १९५९ ची ती इमारत ल कॉर्ब्युझिएची, आणि चंदिगढच्या त्याच्या इमारतींसह एकाच नोंदीने २०१६ मध्ये जागतिक वारसा ठरलेली.

आता क्रमाविषयी. बहुतेक सहली क्योतोपासून सुरू होतात आणि नाराला अर्धा दिवस देतात. मी उलट सुचवेन. आधी नारा, निदान दोन रात्री. तिथे इमारती जुन्या आहेत, आवारे मोकळी आहेत, आणि व्याकरण मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. मग क्योतो, जिथे त्याच व्याकरणाने हजार वर्षे कविता केल्या. इसे शेवटी ठेवा. दिवसाला दोनच जागा धरा, एक सकाळी उघडतानाची, एक चारच्या सुमाराची. दुपारी एन्गावावर, म्हणजे त्यांच्या ओसरीवर, काही न करता बसा. कात्सुरा राजवाड्यासाठी आधी अर्ज करावा लागतो, तो निघण्यापूर्वी करा. गाभाऱ्यातील मूर्तींचे छायाचित्र सहसा घेता येत नाही, आणि काही मूर्ती वर्षातून ठरलेल्या दिवसांतच दाखवतात. होर्यूजीच्या स्वप्नमंडपातील कान्नोन वसंतात आणि शरदात काही आठवडेच दिसते. तो काळ साधला तर उत्तम. नाही तर बंद दारासमोरही क्षणभर थांबायला हरकत नाही. सहज निघतील असे जोडे घाला, मोजे धड असू द्या. दिवसातून दहा वेळा जोडे काढावे लागतील, आणि थंडीत तिथली लाकडी जमीन फार गार असते.

पहिल्या सकाळी नाराहून छोट्या गाडीने होर्यूजी स्थानकावर उतरा आणि बस न घेता चालत जा. वीस मिनिटांची वाट आहे, शेवटी पाइन वृक्षांची रांग लागते. मधल्या दरवाजाचे चार खण मोजून झाले की आत डावीकडे मनोरा, उजवीकडे सुवर्णमंडप दिसेल. त्यांच्याकडे धावू नका. आधी भोवतीच्या लांब ओवरीत शिरा आणि खांबांच्या बुंध्यांकडे पाहत एक फेरी घ्या. कुठे वीतभर चौकोनी तुकडा बसवलेला आढळेल, कुठे कुजलेला पाय कापून त्याखाली नवे लाकूड इतके बेमालूम सांधलेले, की रेषेवरूनच कळावे. कोणता जोड कोणत्या शतकातला, हे सुरुवातीला ओळखू येणार नाही. एका खांबापाशी मी मोजत गेलो तेव्हा चार निरनिराळ्या रंगांचे लाकूड सापडले, आणि तेवढ्यात पहारेकऱ्याने जवळ येऊन हलकेच पाचवा तुकडा दाखवला.